माहूरच्या पुढची दंडारी

माहूरला रेणुकामातेची ओटी भरायला तुमच्यापैकी बऱ्याच जणी गेल्या असाल. दर्शन, तांबूल, बांगड्या, अन् गाडी माघारी. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. त्याच माहूर-किनवटच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध, परधान यांची गावं आहेत, हे कधी मनात आलं नाही.

प्रशिक्षणात ओळख झालेल्या एका गोंड ताईंनी दिवाळीला बोलावलं, म्हणून आम्ही लातूरकडच्या गटांच्या चौदा जणी जीप करून किनवट तालुक्यात गेलो. संध्याकाळी ढोल वाजला अन् घुसाडी आले. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं. आम्ही हरखलोच. आमच्यातल्या एकीनं टोपाला हात लावला, दुसरीनं मोबाइल धरून दहाची नोट पुढं केली, "भाऊ, परत एकदा नाचा ना!" ढोल थांबला.

कुणी रागावलं नाही. ताईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, हा तमाशा नाही, ही पूजा आहे. दंडारी सुरू होते तेव्हा टोपांची अन् वाद्यांची पूजा होते. घुसाडी झालेल्या माणसात त्या दिवसांत देव असतो असं मानतात. दंडारी संपेपर्यंत तो आंघोळसुद्धा करत नाही. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला पाहुणी जाते, ते गाव जेवू घालतं, त्यातून सोयरिकीही जमतात. आपल्या महालक्ष्म्यांचा मुखवटा परक्या बाईनं उचलून फोटो काढला तर आपल्याला कसं वाटेल? आम्हाला खाली बघायला झालं.

रात्री जेवताना बरंच कळलं. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांची सीमा आखली गेली अन् एकाच कुळातली माणसं दोन राज्यांत गेली. तिकडच्या केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला इकडचे गोंड अजून जातात. परधान किंगरीवर गोंडांच्या कुळांच्या कथा गातात. म्हणजे इतिहास पुस्तकात नाही, गळ्यात आहे. अन् कुमराम भीम! जल, जंगल, जमिनीसाठी निजामाशी लढले, १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीनं गेले. आम्ही दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा लावतो. त्याच निजामाशी लढलेल्या या माणसाचं नाव आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

तुम्हाला जायचं असेल तर बोलावणं असेल तिथंच जा. आधी निरोप द्या, गावातल्या जाणत्यांना विचारा. फोटोचं विचारूनच. "नको" म्हटलं तर मोबाइल पिशवीत. "हे लोक अजून असेच राहतात का," असलं त्यांच्यासमोर बोलू नका. मराठी त्यांना आपल्याइतकीच कळते, गोंडी वा कोलामी ही वरची भाषा. अन् पैशाचं आधीच ठरवा. आमच्या जेवणाचा हिशेब ताईंच्या गटानं केला, रक्कम गटाच्या खात्यात गेली, चहापासून भाकरीपर्यंत सगळं वहीत लिहिलेलं. नाचणाऱ्याच्या हातात नोट कोंबण्यापेक्षा हे आम्हाला केव्हाही बरं वाटलं.

टोपाला हात लावलेल्या आमच्या मावशी निघताना ताईंच्या सासूबाईंच्या पाया पडल्या. सासूबाईंनी त्यांना उठवून विचारलं, "तुमच्या महालक्ष्म्या कधी असतात? आम्ही बघायला यावं म्हणतो." येत्या भाद्रपदात त्यांच्या गटाच्या सहा जणी आमच्याकडं येणार आहेत.