गंगाखेडची राइड आणि उसाच्या ट्रॉल्या

सायकलनं परभणी ते गंगाखेड सुमारे 40 किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट, शेवटी संत जनाबाईंचं गाव आणि गोदावरी. दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला की मात्र जपा! एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही. डावीकडच्या फटीतून पुढे घुसणं कधीच नको. ट्रॉली डुलते, ऊस निसटतो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. बाभळीच्या काट्यांसाठी जास्तीची ट्यूब हवीच.

एवढं अंतर अंगवळणी पडलं, की 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचा, विचार जरूर करा. मुदत साडेतेरा तास. ही शर्यत नाही, इथे नंबर नसतात. खरी शर्यत बघायची तर अमेरिकेतली ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका), जवळपास 4,800 किलोमीटरची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ती जोडीनं पूर्ण केली!