योगासनांची मॅट : जाडी बघावी की जमीन?

जून लागला की बेळगावच्या बाजारात छत्र्या आणि रेनकोटांच्या शेजारी आणखी एक वस्तू दुकानाबाहेर उभी दिसते. रंगीबेरंगी गुंडाळ्या केलेल्या योगा मॅट. २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होऊ लागला आणि एकेकाळी फक्त खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारी ही वस्तू आता कुठेही मिळते. गिऱ्हाईक येते, मॅट बोटांनी दाबून बघते आणि जी सर्वांत मऊ लागेल ती उचलते. दुकानदारही ‘ही घ्या, दहा एमएमची आहे, गुडघ्याला लागणार नाही’ म्हणून तीच पुढे करतो. उभ्याने आसने करणाऱ्या माणसाला मात्र नेमकी तीच मॅट बहुधा उपयोगाची नसते.

कारण साधे आहे. गादीवर एका पायावर उभे राहून बघा. टाच आत रुतते, घोटा डुगडुगतो आणि शरीराचा सगळा वेळ तोल सावरण्यात जातो. जाड फोमच्या मॅटवर वृक्षासन किंवा वीरभद्रासन करताना हेच घडते. तरुण मुलगा हसून पाय खाली टेकवील. पण हल्ली आपल्या घरांत आसने सुरू करणारे बरेच जण साठीच्या पुढचे असतात. मधुमेह, रक्तदाब, पाठदुखी यांसाठी डॉक्टरांनी ‘थोडे योगासन करा’ असे सांगितलेले असते. त्या वयात तोल गेला तर मनगट किंवा खुब्याचे हाड मोडायला फार उंचावरून पडावे लागत नाही. म्हणून मॅटची चौकशी ही केवळ खरेदीची हौस समजू नये.

आपल्याकडे आसनाखाली काही अंथरण्याची चाल जुनीच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश, त्यावर मृगाजिन आणि त्यावर वस्त्र असे थर सांगितले आहेत, आसन फार उंच नको नि फार सखल नको असेही म्हटले आहे. पण ते वर्णन ध्यानाला स्थिर बसण्याचे आहे. घरोघरी आजोबा मंडळी सतरंजीवर किंवा जमखान्यावर बसून प्राणायाम करीत, कानडी घरात चापेवर, आणि त्यांचे काही अडत नसे. अडचण येते ती पाय फाकवून उभे राहण्याच्या किंवा दोन्ही तळहातांवर भार टाकण्याच्या आसनांत. तिथे सतरंजी फरशीवरून सरकते.

आजची मॅट निघाली ती याच अडचणीतून. अँजेला फार्मर नावाच्या इंग्लिश योगशिक्षिकेने जर्मनीत असताना, गालिचा सरकू नये म्हणून त्याखाली घालतात तो चिकट थर कापून आसनांसाठी वापरायला सुरुवात केली. म्हणजे मॅटचा जन्मच मुळी पाय घसरू नये म्हणून झाला. मऊपणा हा पुढे जाहिरातदारांनी चिकटवलेला गुण आहे.

तेव्हा पहिला प्रश्न दुकानात नव्हे, घरात विचारायचा. आपली जमीन कसली आहे? जुन्या घरातली शहाबादी फरशी थोडी खरखरीत असते. तिच्यावर जवळजवळ कोणतीही मॅट बसते, फक्त थंडीत गारवा वर येतो. नव्या फ्लॅटमधली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी किंवा पॉलिश केलेला ग्रॅनाइट मात्र लबाड. तिच्यावर धुळीचा पातळ थर असला तरी चांगली मॅटसुद्धा सरकते. म्हणून मॅटची वरची नक्षी बघण्याआधी ती उलटी करून खालची बाजू बघावी आणि घरी अंथरण्यापूर्वी तेवढी जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. गालिच्यावर मॅट घालून उभ्याची आसने करू नयेत. दोन्ही थर एकमेकांवर फिरतात.

जाडीचे म्हणाल तर चार ते सहा मिलिमीटर पुरे. दहा-पंधरा मिलिमीटरची मॅट पवनमुक्तासन, भुजंगासन अशा पडून करायच्या प्रकारांना चालेल. गुडघे दुखतात म्हणून सगळी मॅटच जाड घेण्यापेक्षा, गुडघे टेकायच्या वेळी घडी केलेली घोंगडी खाली सरकवावी. आपल्या भागात धनगरी घोंगडीला तोटा नाही, कानडीत तिला कंबळी म्हणा. घडी केलेल्या कांबळ्याचा असा वापर बी. के. एस. अय्यंगार यांनी जगभर नेला. कर्नाटकातल्या बेल्लूर गावी १९१८ साली जन्मलेला, १९३७ साली पुण्यात येऊन तिथलाच झालेला हा माणूस. लाकडी ठोकळे, पट्टा, खुर्ची आणि कांबळे यांच्या आधाराने त्यांनी म्हाताऱ्या नि आजारी माणसांकडूनही आसने करून घेतली. आधार जिथे हवा तिथेच द्यावा, ही त्यातली समज मॅट घेतानाही कामाला येते.

लांबीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बाजारातली नेहमीची मॅट ६८ इंच लांब आणि २४ इंच रुंद असते, म्हणजे सुमारे १७३ बाय ६१ सेंटिमीटर. पावणेसहा फुटांच्या माणसाचे शवासनात डोके किंवा टाचा बाहेर जातात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही आपली म्हण कानडीतही ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ अशी जशीच्या तशी आहे. पण या एका खरेदीत ती उलटी वापरावी लागते. आधी पाय मोजा, मग अंथरूण घ्या. ७२ इंची मॅट मिळते, मागून घ्यावी लागते एवढेच.

आता माल. सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी ती पीव्हीसीची. टिकाऊ असते, पकड बरी असते, पण नवी असताना वास मारतो आणि पृष्ठभाग काहीसा निसरडा असतो. दोन-तीन वेळा ओल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर टांगली की सुधारते. फेकायची वेळ आली की ती कुजत नाही आणि जाळू तर मुळीच नये, धूर विषारी असतो. एनबीआर म्हणजे वर सांगितलेली ती फुगीर, मऊ मॅट. नख लावले की तिचे कण निघतात. टीपीई वजनाला हलकी, वास कमी, पकड चांगली. शिकवणीला घेऊन जाणाऱ्यांना सोयीची, मात्र उन्हात लवकर खराब होते. ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द मात्र विक्रेते सगळ्यांवरच छापतात, त्यावर फार विसंबू नये.

खरी पकड हवी असेल तर नैसर्गिक रबराची मॅट. हात ओले असले तरी सहसा सुटत नाहीत. पण ती जड असते, किंमत साध्या मॅटच्या कित्येक पट, रबराचा उग्र वास काही आठवडे राहतो आणि ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. रोज तासभर, वर्षानुवर्षे करणाऱ्याने ती घ्यावी. महिन्याभरात उत्साह संपेल अशी शंका असलेल्याने साधी पीव्हीसी घेऊन सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. तागाची किंवा बुचाची मॅट दिसायला सुरेख, पण आपल्या पावसाळ्याचा विचार करून घ्यावी.

दुकानात संकोच न करता ती खाली अंथरायला लावा. चपला काढून उभे राहा, पाय फाकवून त्रिकोणासनाची ठेवण घ्या, मग दोन्ही तळहात टेकून पुढे रेटून बघा. तळहात सरकला किंवा मॅटला सुरकुती पडली तर ती परत गुंडाळायला सांगा. अंगठा आणि तर्जनी यांत चिमटीत धरून दाबा. बोटे एकमेकांना सहज लागली तर तुमच्या टाचेला फरशीही तशीच लागणार. आमच्या शेजारच्या काकूंनी गेल्या वर्षी साडी खोचून दुकानात असे चार मॅटवर उभे राहून दाखवले. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच पाचवी मॅट काढून म्हणाला, ‘इदु नोडि, हिच्यावर पाय हलणार नाही.’ काकूंनी तीच घेतली, आणि ती चारांपैकी दोघींपेक्षा स्वस्त निघाली.

एका घरात एकच मॅट सगळ्यांनी वापरण्याची आपली सवय आहे. घाम आणि पायांची बुरशी यांचा विचार करता निदान ज्याच्या पायाला चिखल्या आहेत त्याची वेगळी असावी. मॅट वॉशिंग मशीनमध्ये घालू नये. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून फडके पिळून पुसावे आणि सावलीत सुकवावे. रबराला कडक ऊन चालत नाही, त्याला तडे जातात. बेळगावच्या जुलै-ऑगस्टमध्ये मोठी पंचाईत. कपडेच आठवडाभर वाळत नाहीत, तिथे मॅट कशी वाळणार? अशा दिवसांत ओले फडके कमी, कोरडे जास्त वापरावे. आसने झाल्यावर लगेच गुंडाळून कपाटामागे खुपसण्याऐवजी अर्धा तास दाराच्या फळीवर किंवा पंख्याखाली टांगावी. गुंडाळताना वरची बाजू बाहेर येईल अशी गुंडाळली, तर पुढच्या वेळी टोके वर उचलली जात नाहीत. मॅटच्या उचललेल्या टोकाला पाय अडकूनही माणसे पडतात.

जिथे रोज टाच आणि पंजा टेकतो तिथे साल निघू लागली, चकाकी आली, की मॅटचे काम संपले. तरी ती कचऱ्यात टाकण्याची घाई नको. आमच्याकडे नवलगुंदचा एक जमखाना आहे. धारवाड जिल्ह्यातल्या त्या गावच्या बायका हातमागावर विणतात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर तो नेहमी सरके, सासूबाई त्यावरून जपून चालत. जुनी मॅट कापून त्याचे चार तुकडे जमखान्याच्या चार कोपऱ्यांखाली घातले, तेव्हापासून तो जागचा हलत नाही.