जेवण आठवणीत राहिलं, तरच पोट भरतं

इटलीच्या दक्षिण भागात, समुद्राच्या काठावर बारी नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात बायका घरासमोर टेबल मांडून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारत पास्ता वळतात. रवाळ पिठाची लांब वळी करायची, सुरीने तिचे छोटे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा फळीवर ओढून अंगठ्यावर उलटा करायचा. झाला लहानशा कानाच्या आकाराचा 'ओरेक्येत्ते' पास्ता. काही वर्षांपूर्वी तो हात पाहताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, या तर आपल्या नखुल्या!"

त्या रात्री जवळच्याच आठ-दहा टेबलांच्या खाणावळीत आम्ही जेवलो. आधी ऑलिव्ह तेलातली भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची आली. मग बऱ्याच वेळाने तोच पास्ता, सलगमच्या कोवळ्या पाल्याबरोबर, भरपूर लसूण घातलेला. आम्ही शाकाहारी, म्हणून त्यातली मासळी काढायला सांगितली होती. ताटली पाहून नवरा कुजबुजला, "एवढंसंच?" पण दीड तासाने उठलो तेव्हा पोट भरलेलं होतं आणि अंगही हलकं होतं. बाहेर अख्खं गाव समुद्राकाठी फेऱ्या मारत होतं. जेवणाच्या आधी-नंतरच्या अशा निवांत फेरीला तिथे 'पास्सेज्जाता' म्हणतात. आपण शतपावली म्हणतो.

नागपूरला परतल्यावर मुलांच्या हट्टापायी एका शनिवारी 'इटालियन' खायला गेलो. मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडालेला मऊ पास्ता, वर चीझ, बाजूला चीझ लावलेला गार्लिक ब्रेड आणि थंड पेय. सगळं एकदमच टेबलावर आलं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. अर्ध्या तासात आम्ही बाहेर. बारीच्या दुप्पट खाल्लं असेल, पण रात्री साडेदहाला मुलाने फ्रीज उघडलाच. "अरे, आत्ताच तर जेवलास," मी म्हटलं. तो म्हणाला, "हो, पण जेवल्यासारखं वाटलंच नाही."

त्याचं वाक्य मला लागलं, कारण तेच वाक्य घरात रोज दुसऱ्या तोंडून ऐकू येत होतं.

भूक पोटात, आठवण डोक्यात

माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. दुपारचं ताट उचलून अर्धा तास होत नाही तोच ते विचारतात, "अवं, आज जेवाले देत नाही का व?" पाहुण्यांसमोर हा प्रश्न आला की सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. विस्मरणाचा रुग्ण असलेल्या बऱ्याच घरांना हा प्रसंग ओळखीचा असेल. आपल्याला वाटतं, पोट भरलंय तर भूक लागेलच कशी?

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हाच प्रश्न तपासला. मेंदूच्या इजेमुळे नव्या आठवणी साठवू न शकणाऱ्या दोन रुग्णांना त्यांनी जेवण दिलं. ते संपल्यावर 10 ते 30 मिनिटांनी पुन्हा तसंच जेवण समोर ठेवलं. दोघांनी तेही खाल्लं. तिसऱ्यांदा ताट आलं, तर बहुतेक वेळा त्यालाही हात घातला. पोटाकडून निरोप जात होते, पण 'मी जेवलोय' ही आठवण नसल्याने जेवण संपल्याचं मेंदूला ठरवता येत नव्हतं. जठर किती ताणलं गेलंय, आतड्यातून कोणती संप्रेरकं निघाली, यांबरोबरच आठवणीचाही भुकेत वाटा असतो, हे त्यातून पुढे आलं.

स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांचंही तसंच आहे. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सुझॅन हिग्ज यांनी काही जणांना नाश्त्याआधी फक्त 'आज दुपारी काय जेवलात ते आठवा' असं सांगितलं. आठवण काढणाऱ्यांनी नंतर कमी खाल्लं. दूरचित्रवाणी पाहत किंवा इतर काही करत जेवणाऱ्यांचं उलट होतं. ते त्या वेळी जास्त खातात आणि नंतरच्या खाण्यातही हात सैल सोडतात. अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये घेतला गेला, त्याचाही निष्कर्ष हाच होता.

म्हणजे शनिवारी माझ्या मुलाचं पोट भरलं होतं, पण त्याच्या डोक्यात त्या जेवणाची नोंदच झाली नव्हती.

नोंद कशी होते?

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग असतो वास. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकात चढतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते म्हणूनच. इतर संवेदना मेंदूत एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातात. गंधाला मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळची वाट आहे. त्यामुळे फोडणीच्या एका वासाने आजोळ डोळ्यांसमोर उभं राहतं.

प्रवासात यात नवलाईची भर पडते. अनोळखी जागा आणि अनोळखी पदार्थ असला की मेंदू जास्त सावध असतो, नोंद ठळक होते. शिवाय एकेक पदार्थ वेगळा आला तर प्रत्येकाला स्वतःची जागा मिळते. सगळं एकदम, घाईने आणि पडद्याकडे बघत खाल्लं की त्याचा नुसता काला होतो.

हळू खाण्याचा आणखी एक फायदा आहे. तृप्तीची संप्रेरकं काम करू लागायला साधारण 15 ते 20 मिनिटं जातात. बारीत तेवढ्या वेळात आमची वांगीच चालू होती. इथे तेवढ्यात मुख्य डिश फस्त झाली होती.

कडक गव्हाचं गणित

पास्ता म्हणजे मैदा, हा समजही तपासून घ्यायला हवा. बारीचा पास्ता ड्युरम या कडक गव्हाच्या रव्याचा असतो. 1967 च्या कायद्याने इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरमचाच करणं बंधनकारक केलं. या गव्हाच्या पिवळसर रव्यातली प्रथिनं घट्ट जाळं विणतात आणि स्टार्चचे कण त्यात अडकून राहतात. पचनरसांना तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून रक्तातली साखर सावकाश चढते. ग्लुकोजचा ग्लायसेमिक इंडेक्स 100 धरला, तर पांढऱ्या ब्रेडचा 75 च्या आसपास आणि स्पगेटीचा साधारण 50 येतो. पास्ता गाळ होईपर्यंत शिजवला की हे जाळं सैल पडतं. इटालियन लोक 'अल देंते', म्हणजे दाताला किंचित लागेल असा शिजवतात, तो नुसता शौक नाही.

हा गहू आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रात त्याला बन्सी म्हणतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस 4028' हा ड्युरमचा वाण विकसित केला आहे. त्यात सुमारे 14.7 टक्के प्रथिनं असतात आणि कोरडवाहू शेतीतही तो सुमारे 102 दिवसांत तयार होतो. सांगली-कोल्हापूरकडचा खपली गहू हा तर इटलीत 'फार्रो' म्हणून सूपमध्ये पडणाऱ्या गव्हाचाच भाऊबंद.

आणि पदार्थ? लग्नाच्या रुखवतात मांडायचे गव्हले, नखुल्या, मालत्या. डाळीत शिजणारी वरणफळं. काडीवर पीठ गुंडाळून वळलेले विदर्भातले सरगुंडे. इटलीच्या दक्षिणेत बायका लोखंडी काडीवर असाच नळीदार पास्ता वळतात. तिकडे तो भाजी किंवा सॉसबरोबर खातात, आपण सरगुंडे आमरसात बुडवतो.

नागपूरच्या टेबलावर

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे बाहेर खाणं हा हिशेबाचा विषय झाला आहे. पण कायमची बंदी घालण्यापेक्षा जेवणाची रीत बदलणं जास्त टिकतं. आमच्या घरात पुढचे नियम टिकले आहेत.

भाजी आधी मागवावी. सॅलड, भाजलेल्या भाज्या किंवा भाज्यांचं सूप संपल्यावरच पास्ता सांगावा. न्यूयॉर्कमध्ये 2015 साली 11 मधुमेही व्यक्तींवर छोटा प्रयोग झाला. भाजी आणि प्रथिनं आधी व इटालियन ब्रेड आणि संत्र्याचा रस 15 मिनिटांनी घेतल्यावर त्यांची तासाभरानंतरची साखर, तेच पदार्थ उलट क्रमाने खाल्ल्याच्या तुलनेत, एक तृतीयांशाहून अधिक कमी आली. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांचा सल्ला मात्र सोडू नये.

पास्ता आणि ब्रेड यांतलं एकच निवडावं. इटलीत माणशी 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. आपल्याकडची मोठी डिश दोघांनी वाटून घ्यावी. पांढऱ्या सॉसऐवजी टोमॅटोचा किंवा लसूण-तेलाचा सांगावा, आणि 'जरा कमी शिजवा' हेही सांगावं. लाजू नये.

घरी करताना पाकिटावर 'ड्युरम' शब्द शोधावा. 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी घ्यावं आणि लिहिलेल्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी उतरवावा. ते स्टार्चचं पाणी वाटीभर बाजूला ठेवावं. लसूण परतलेल्या तेलात ते घालून ढवळलं की मैदा-क्रीमशिवाय सॉस मिळून येतो. पालक, मेथी किंवा हिवाळ्यात मुळ्याचा पाला घाला, बारीच्या सलगमची जवळपास आठवण येते. उरला तर लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेला पास्ता पोट बिघडवू शकतो.

मोबाइल पर्समध्ये ठेवावेत. आम्ही घरी येताना एक खेळ खेळतो. प्रत्येकाने आजच्या जेवणातली एक चव सांगायची. मुलं आता आवडीने भांडतात आणि रात्रीचा फ्रीज बराच शांत झाला आहे.

आणि शेवटी शतपावली. 2013 मध्ये अमेरिकेत ज्येष्ठांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटं चालल्याने जेवणानंतरची वाढलेली साखर खाली आली होती. फुटाळ्याच्या काठी चाला, नाहीतर आपल्याच गल्लीत.

ज्यांच्या घरी विस्मरणाचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. 'आत्ताच जेवलात' म्हणून वाद घालू नका. त्यांच्यासाठी ती आठवण खरंच नसते. जेवण लहान वाट्यांमध्ये विभागून द्या, रिकामं ताट थोडा वेळ समोरच राहू द्या, पुन्हा विचारलं तर फळाची फोड द्या. शक्य असेल तेव्हा सोबत बसून जेवा.

गेल्या उन्हाळ्यात मी आईकडून सरगुंडे शिकले. काडीवरून पहिले दोन तुटले, तिसरा जमला. दाताला लागतील असे उकडले, आमरस काढला आणि बाबांच्या शेजारी बसले. त्यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "माही माय असेच करे." जेवण झाल्यावर अंगणात दहा फेऱ्या घातल्या.

तासाभराने त्यांचा प्रश्न आलाच. पण त्या दिवशी तो निराळा होता.

"थे सरगुंडे उरले का व?"

दोन उरले होते. मी ते वाटीत घालून त्यांच्यासमोर ठेवले.