भाताच्या तुसातील सिलिका आणि लिथियम बॅटरी

शंभर किलो भात भरडले असता सुमारे २० किलो तूस निघते. हे तूस जनावरांच्या फारशा उपयोगाचे नसते व ते लवकर कुजतही नाही. याचे एक प्रमुख कारण त्यातील सिलिका होय. वाळूतील मुख्य द्रव्यही हेच. भाताची मुळे पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून घेतात आणि ती दाण्याच्या टरफलात साठत जाते. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. तीत बहुतांशी सिलिकाच असते. लिथियम बॅटरीच्या संशोधनात या सिलिकेस महत्त्व आले आहे.

बॅटरीतील अडचण

फवारणी पंपातील लिथियम बॅटरी चार्ज होताना लिथियमचे कण ऋण बाजूच्या थरात जाऊन बसतात व वापराच्या वेळी बाहेर पडतात. या थरास ॲनोड म्हणतात. तो बहुधा ग्राफाइटचा, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असते त्या द्रव्याचा असतो. त्याच वजनाचे सिलिकॉन ग्राफाइटच्या सुमारे नऊ ते दहा पट लिथियम सामावून घेऊ शकते. परंतु तसे करताना ते तिपटीहून अधिक फुगते व रिकामे होताना आकसते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तसाच हा प्रकार होय. काही वेळा चार्ज केल्यावर सिलिकॉनचा चुरा होऊन बॅटरी निकामी होते.

यावर उपाय म्हणजे कण अतिशय बारीक ठेवणे. एका मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना तडे जात नाहीत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळून आले. कणांमध्ये पोकळी असल्यास फुगण्यास जागाही मिळते.

तुसाचे वैशिष्ट्य

तुसातील सिलिका निसर्गत:च अशी सूक्ष्म व सच्छिद्र असते. २०१३ साली दक्षिण कोरियातील काइस्ट आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी तुसापासून असे सिलिकॉन तयार करून त्याचे ॲनोड बनविले. तूस आम्लाने धुऊन जाळतात व उरलेल्या सिलिकेतील प्राणवायू मॅग्नेशियमच्या साहाय्याने काढून घेतात. आच फार वाढल्यास मात्र सूक्ष्म रचना मोडते. हिशेबाने १०० किलो भातामागे फार तर पावणेदोन किलो सिलिकॉन मिळेल. आम्ल व तापलेले मॅग्नेशियम धोकादायक असल्याने हे काम घरी करण्याजोगे नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे

बॅटरीसाठी तूस विकत घेण्याचे आश्वासन देऊन कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास ती देऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबत शेतकऱ्यांस सावध करावे. सिलिकेचा हुकमी उपयोग आजही शेतातच आहे. चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख पेरणीपूर्वी वरच्या मातीत मिसळण्याची शिफारस आहे. त्यामुळे रोपे कणखर होतात व रोग-किडींस तोंड देतात. याकरिता तूस मंद आचेवर, अर्धवट जाळावे. प्रखर आचेत पांढरी पडलेली राख रोपांस तितकी लागू पडत नाही. तुसाचे मोल ते कसे जाळले यावर ठरते, मग ते बॅटरीसाठी असो वा रोपांसाठी.