देवगिरी, पाथरी आणि एका दमात सांगितली जाणारी गोष्ट

इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, यादवांचे राज्य बुडाले आणि तलवारीच्या धाकाने गोदाकाठ बाटला, अशी गोष्ट परभणी जिल्ह्यात एका दमात सांगितली जाते. तिची सुरुवातच चुकीची आहे. त्या स्वारीत खिलजीने लूट नेली, खंडणी ठरवली आणि तो परतला. यादव राजा रामदेवराय गादीवरच राहिला. १३०७-०८ मध्ये खिलजीचा सेनापती मलिक काफूर याने त्याला दिल्लीला नेले, तेव्हाही सुलतानाने ‘रायरायान’ हा किताब देऊन त्याला परत धाडले. दिल्लीचा अंमल पक्का झाला तो १३१८ मध्ये, यादवांचा हरपालदेव मारला गेल्यावर. सह्याद्रीत तर आणखी दीडशे वर्षे गेली. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार खलफ हसन खेळण्याच्या वाटेवरच्या रानात सैन्यासह कापला गेला. खेळणा, म्हणजे विशाळगड, घ्यायला १४७०च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावानला नव्याने मोहीम काढावी लागली.

धर्मांतराचा हिशेब तर मुळीच जुळत नाही. बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम: १९४८पर्यंत सहाशेहून अधिक वर्षे परभणीचा मुलूख प्रामुख्याने मुस्लिम राज्यकर्त्यांकडे होता. तरी २०११च्या जनगणनेत जिल्ह्यातील मुस्लिमांचे प्रमाण साधारण सहावा हिस्सा भरते. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी बंगालवरील ग्रंथात (१९९३) हाच मुद्दा मांडला आहे: सत्तेचे केंद्र असलेल्या दिल्ली-आग्र्याभोवती मुस्लिम कमी, दूरच्या पूर्व बंगालात जास्त. तलवार हेच कारण असते, तर उलटे दिसायला हवे होते.

जबरदस्ती झालीच नाही, असे मात्र नव्हे. तिचे ठळक उदाहरण परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचेच. इतिहासकार फरिश्ता लिहितो, की पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील एक मुलगा बहमनी सैन्याच्या हाती लागला आणि मुसलमान होऊन मलिक हसन झाला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, अहमदनगरची निजामशाही स्थापली. नातू बुऱ्हाण याने इमादशाहीकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला आणि नकार मिळताच १५१८ मध्ये ती जिंकली. पुढे ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना दिली, असेही फरिश्ता सांगतो. सुलतान मुसलमान, भाऊबंद ब्राह्मण, आणि नाते दोघांनाही मान्य! ‘तलवार की कुराण’ एवढ्या दोन शब्दांत हे मावत नाही.

‘सुफींनी प्रेमाने सगळ्यांना मुसलमान केले’ ही दुसऱ्या बाजूची आवडती समजूतही तितकीच कच्ची. खुलताबादचे सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांच्या समकालीन संभाषण-नोंदी अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी तपासल्या. त्यांत धर्मप्रसाराची मोहीम दिसत नाही. तशा कथा बऱ्याच नंतरच्या.

अशाच आणखी काही समजुती आणि त्यांची उत्तरे.

‘मराठवाड्यातले मुसलमान सगळे बाहेरून आले’: पाथरीचा मलिक हसन बाहेरून आला नव्हता.

‘दर्ग्यात फक्त मुस्लिम जातात’: परभणीत सुफी संत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात.

‘निजामशाही म्हणजे हैदराबादचा निजाम’: अहमदनगरची निजामशाही १६३६ मध्ये संपली, हैदराबादच्या आसफजाही घराण्याचे राज्य १७२४ मध्ये सुरू झाले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.