‘नंतर’ म्हणण्यापूर्वी

संध्याकाळची वेळ. मुलाला शाळेचा प्रोजेक्ट उद्याच द्यायचा आहे, तुम्हाला विजेचे बिल भरायचे आहे आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकट उघडते, ‘अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करायचे का?’ आपण ‘नंतर’वर क्लिक करून मोकळे होतो. हे ‘नंतर’ मग महिनोन्‌महिने चालते.

अपडेट म्हणजे नवी चित्रे, नवे रंग, असा अनेकांचा समज असतो. खरे तर त्यातला महत्त्वाचा भाग दुरुस्तीचा असतो. कोट्यवधी ओळींच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक राहतेच. ती म्हणजे मागच्या दाराची न लागणारी कडी. कंपनी दुरुस्ती पाठवते, पण त्यामुळे नेमकी कोणती कडी लागत नव्हती, हे चोरांनाही कळते. ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांची दारे ते मग शोधत फिरतात.

२०१७ साली हेच घडले. विंडोजमध्ये एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फायली देण्या-घेण्याची जी सोय आहे, तिच्यातल्या दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच फटीतून जगभर पसरला. कुणी चुकीच्या ई-मेलवर क्लिक करण्याचीही त्याला गरज नव्हती. फायली कुलूपबंद करून तो सुरुवातीला ३०० डॉलर मागत असे, तेही बिटकॉइनमध्ये. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती येऊन तेव्हा जवळजवळ दोन महिने झाले होते! जूनअखेर आलेल्या ‘नॉटपेट्या’ने इतर युक्त्यांबरोबर हीच फट वापरली. त्या हल्ल्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

आमच्या घरचा किस्सा सांगते. कॉम्प्युटर संथ चालतो म्हणून दुरुस्तीला दिला. परत आणताना दुकानदार कौतुकाने म्हणाला, “ताई, अपडेट बंद करून टाकलंय, आता कटकट नाही.” मीही त्याचे आभार मानले. हे अंगाशी येऊ शकते, हे लक्षात यायला वर्ष गेले. तुमचाही कॉम्प्युटर दुरुस्तीहून आला असेल, तर ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ सुरू आहे ना, एवढे पाहाच.

विंडोज १० असेल तर आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. नोंदणी करणाऱ्यांसाठी त्यानंतर वर्षभराची जादा सोय ठेवली होती. मशीन पूर्वीसारखेच चालते, म्हणून काही बिघडले आहे असे वाटतच नाही. मशीनला झेपत असेल तर विंडोज ११ घ्यावी. नसेल झेपत, तर बँकेचे व्यवहार तरी त्यावर करू नयेत.

ब्राउझर आणि वाय-फायचा राउटर यांनाही अपडेट लागतात. राउटरकडे तर आपण दिवा विझला तरच पाहतो! मात्र एखादी वेबसाइट पाहताना ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे झळकले, तर ते खोटे समजावे. फोन न करता ती खिडकी बंद करावी.

आणि फोटो? लग्नाचे, बारशाचे, आजी-आजोबांचे फोटो एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद होऊ शकतात.

आमच्याकडे अपडेटचे काम आता रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर होते. तेव्हा कुणी तक्रार करत नाही, सगळे झोपलेले असतात.