प्रसूतीनंतरची केसगळती : काळजी कशाची करावी?

प्रसूती सुखरूप होऊन घरी गेलेली माता बाळाच्या चौदाव्या आठवड्यातील लसीकरणासाठी पुन्हा रुग्णालयात येते, तेव्हा पुष्कळदा निघता निघता परिचारिकेजवळ एक प्रश्न काढते : केस मुठीने जात आहेत, काही औषध आहे का? "सगळ्यांचेच जातात," असे उत्तर बहुधा तिला मिळते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. पुरे उत्तर कोणते, हे आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर सुमारे शंभर दिवस विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. कोणत्याही वेळी साधारण दहा टक्के केस विश्रांतीत असतात, असे धरले तर दहा हजार केस शंभर दिवसांत, म्हणजे रोज शंभराच्या आसपास केस गळणे हा नित्याचा खर्च झाला. गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढल्यामुळे केस वाढीच्या अवस्थेतच अधिक काळ राहतात व गळती घटते. 'दिवस गेल्यावर केस किती छान झाले!' असे म्हणतात, ते यामुळेच. प्रसूतीनंतर हे प्रमाण एकाएकी उतरते आणि खोळंबलेले केस एकदमच विश्रांतीत जातात. त्यांचा हिस्सा दहाऐवजी तीस टक्के झाला, तर रोजची गळती तिप्पट होणार, हे उघड आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर हा तोटा नव्हे, नऊ महिन्यांची थकबाकी आहे. वैद्यकात याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान तिचा प्रारंभ होतो आणि बहुतेक स्त्रियांमध्ये बाळ वर्षाचे होईपर्यंत केस पूर्ववत होतात. कपाळावर उभे राहणारे आखूड केस तुटलेले आहेत असे वाटते. वास्तविक ते बहुधा नवे असतात.

येथे एका समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. 'अंगावर पाजल्याने केस जातात' असे सांगून काही घरांत बाळाला लवकर वरचे दूध सुरू केले जाते. वरच्या दुधावरील बाळांच्या मातांचेही केस असेच गळतात. केसांसाठी स्तनपान थांबविणे म्हणजे नसलेल्या लाभासाठी बाळाचे खरे नुकसान करणे होय.

तथापि, प्रत्येक केसगळती थकबाकीच असते असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रातील प्रमाण ५४ टक्के होते. गरोदरपणी अशक्त असलेल्या व प्रसूतीत रक्त गमावलेल्या मातेच्या शरीरात लोहाचा साठा उरत नाही आणि केसगळती लांबत जाते. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतरही १८० दिवस रोज एक लोह व फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावयाची असते. बारसे आटोपले की ही गोळी फडताळात राहते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ती चहाबरोबर अथवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लोह शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास उत्तम. अळिवाचे लाडू आणि खीर ही आपल्याकडील परंपरा लोहाच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र ती गोळीची जागा घेऊ शकत नाही.

काही मातांना प्रसूतीनंतरच्या वर्षात थायरॉईडचा विकार जडतो. छातीत धडधड, वजनात मोठा फरक, अतिशय थकवा किंवा थंडी सहन न होणे ही त्याची लक्षणे होत. हिमोग्लोबिन, फेरिटिन व टीएसएच या तपासण्यांतून बराच उलगडा होतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तसे प्रयोगशाळेत आधी सांगावे, कारण त्यामुळे थायरॉईडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. गोल चट्ट्यांत केस जाणे, टाळूला खवडे, भांग सतत रुंदावणे किंवा वर्ष उलटूनही गळती न थांबणे, अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेला असून दूध उतरले नाही, पाळी आली नाही आणि काखेतील केसही विरळ झाले, तर मात्र विलंब करू नये. पीयूष ग्रंथीला इजा झाल्याची ती खूण असू शकते.

दैनंदिन काळजी साधीच आहे. सैल वेणी घालावी, घट्ट अंबाडा टाळावा, रुंद दातांचा कंगवा वापरावा. तेलाने केस मऊ राहतात, गळती थांबत नाही. महागड्या तेलानेही नाही. न्हाणे लांबविल्याने गळणारे केस फक्त साठून एका दिवशी दिसतात. अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिलसारखी औषधे परस्पर आणून लावू नयेत.

एक सूचना बाळासाठी. आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह अडू शकतो. बाळ कारणाविना रडत असेल, तर मोजे काढून हातापायांची बोटे पाहावीत. बोट सुजलेले व लाल दिसल्यास तत्काळ रुग्णालयात आणावे.

घरातील मंडळींनी केसांविषयीची टीका आवरावी, अशीही नम्र विनंती आहे. झोप अपुरी, शरीर बदललेले, त्यात फणीत गुंता. हे तिला दिसतच असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, बाळ निजले तरी तिला झोप येत नसेल, तर ते केसांचे दुःख समजून सोडून देऊ नये. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

लसीकरणाचा केसपेपर बाळाच्या नावाने निघतो. मातेची नोंद त्यात कोठेच नसते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील या तीन फेऱ्यांना ती आमच्या दारी येतेच, तिचा प्रवासखर्चही झालेला असतो. चौदाव्या आठवड्याच्या भेटीत मातेचे हिमोग्लोबिन विनामूल्य तपासावे व लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारून कार्डावर नोंदवावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.